तांची नेमेन्सियाचा काळा केक

आमच्या बेटावरच्या विलेमस्टाड शहरात लग्न ठरलं की आधी पाद्र्याकडे जायचं की आधी तांची नेमेन्सियाकडे, यावर घराघरांत दुमत असतं. शहाणी माणसं आधी तांचीकडे जातात. पाद्री पुष्कळ मिळतात, तांची एकच आहे. तिचा काळा केक नसेल तर लग्न लागलं असं आमच्याकडे कोणी मनापासून मानत नाही. कायद्याने लागलं असेल, पण कायद्याला चव कुठे असते?

हा केक म्हणजे काही मनात आलं आणि केला असं काम नव्हे. मनुका, अंजीर, आलुबुखार सगळं बारीक चिरून वाइन आणि रममध्ये मुरत घालायचं आणि महिनोन्महिने विसरून जायचं. विसरायचं आपलं नुसतं म्हणायला. तांची रोज सकाळी बरणीचं झाकण उघडून आत नाक घालते आणि आजाऱ्याची चौकशी करावी तसं "कसं काय?" म्हणते. लग्नात पाहुण्यांना हा केक रंगीत कागदाच्या इवल्या डब्यांत घालून देतात. नवरी बघायची राहिली तरी चालेल, डबी राहता कामा नये. डबी हुकली म्हणून चुलत भावांनी एकमेकांशी अबोला धरल्याची उदाहरणं आमच्या गल्लीत आहेत.

तांचीचं घर ओत्रोबांदात, खाडीच्या या तीरावर. तिची गिऱ्हाइकं लग्न लावायला जातात ती बहुतेक पलीकडे, पुंडात. मध्ये आमचा पूल. होड्यांवर तरंगणारा, लाकडी फळ्यांचा. जहाज आलं की घंटा वाजते आणि दार उघडावं तसा अख्खा पूल एका अंगाला सरकतो. केशरी निशाण लागलं तर थोडा दम धरा, निळं लागलं तर बसा बापडे. घाई असेल त्याला फुकटची नाव आहे, मोटारवाल्यांना वरचा उंच पूल आहे. पण तांचीचा केक जन्मात कधी नावेत चढला नाही की मोटारीत बसला नाही. नाव हलते आणि वरच्या साखरेला तडे जातात, असं ती सांगते. उंच पुलाबद्दल ती काही सांगतच नाही, नुसतं नाक मुरडते. केक पुलावरून जाणार, चालत जाणार, आणि त्याच्या पुढे ती स्वतः, डोक्यावर हॅट घालून.

"तांची, तू कधी बेटाबाहेर गेलीस की नाही?" असं कोणी नवख्याने विचारलं तर ती खाडीकडे बोट दाखवते. "मी कशाला जाऊ? सगळं जग बोटीत बसून इथं येतंय ते काय वेडं आहे?"

एवढी ताठ बाई, पण एक सल तिला होता. शहरातल्या निम्म्या लग्नांचे केक तिने केले, तिच्या स्वतःच्या घरच्या लग्नाचा मात्र एकही तिच्या हातून झाला नव्हता. मुलगी लुसेला रॉटरडॅमला शिकायला गेली ती तिथेच राहिली, आणि एका मंगळवारी भर पावसात कचेरीत सह्या करून लग्न उरकून मोकळी झाली. वर फोनवर सांगते कशी, "मम्मी, केक आणला होता दुकानातून. बरा होता." तो "बरा" तांचीच्या काळजात रुतला तो रुतलाच. पुढे लुसेलाची मुलगी झुलाइका आजीकडे वाढली, बरणीत बोटं घालून चाटत मोठी झाली, आणि इथल्या रीतीप्रमाणे शाळा संपताच तीही तिकडेच शिकायला गेली. तिच्या लग्नाची फळं तांचीने ती शाळेत होती तेव्हाच वेगळ्या बरणीत मुरत घातली होती. त्या बरणीला कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

झुलाइकाचं वाउटर नावाच्या डच मुलाशी जमलं तेव्हा तांचीने काही हरकत घेतली नाही. "खातो का नीट?" एवढंच विचारलं. मग एका रविवारी फोन आला.

"वेला, रागावू नकोस हं," झुलाइका म्हणाली. आजीला आमच्याकडे वेला म्हणतात.

"म्हणजे रागावण्यासारखं आहे. बोल."

"लग्न इकडेच करावं असं चाललंय. वाउटरची आई म्हणते, एवढ्या लांब यायचं तर कारण काय?"

"कारण?" तांचीने खुर्ची ओढून घेतली. "कारण हवंय होय बाईला? एवढंच ना? नंबर दे तिचा."

त्या दिवसापासून दर रविवारी, चर्चमधून आली की हॅट न काढताच, तांची रॉटरडॅमला फोन लावी. वाउटरच्या आईचं नाव योके. तांचीचं डच शाळेतलं, जुनं, पण आवाज असा की व्याकरणाने बाजूला व्हावं. पहिल्या रविवारी तिने वारा सांगितला. बाराही महिने वाहतो, घाम म्हणून येऊ देत नाही, फक्त केस विंचरून येण्यात अर्थ नाही. पुढच्या रविवारी जुन्या बाजारातलं भेंडीचं सार सांगितलं, त्यात मासा कोणता, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा त्यात कसा बुडवायचा. कधी यहुद्यांचं देऊळ सांगितलं, जिथे जमिनीवर वाळू पसरलेली असते आणि माणूस आपोआप हळू चालतो. एकदा नुसते घरांचे रंगच सांगितले, आणि वाटेत कुठल्या रंगाच्या घरात कोण कोणाशी भांडलेलं आहे तेही.

"आणि पुलाचं ऐका," एका रविवारी ती म्हणाली. "पूर्वी त्याला टोल होता. बूट घालणाऱ्याने पैसे द्यायचे, अनवाणी माणूस फुकट. सरकारला वाटलं, गरिबाची सोय झाली. आमचे गरीब कसले वस्ताद! शेजाऱ्याचे बूट उसने आणायचे आणि ऐटीत पैसे भरून जायचे. असं सांगतात बाई आमच्याकडे, आणि मला ते खरंच वाटतं. अशी माणसं बघायला नको का यायला?"

पलीकडे सगळं ऐकून घेतलं जाई. मग योके म्हणे, "छान वाटलं ऐकून. पुढच्या रविवारी बोलू."

हो नाही, नाही नाही. ताकास तूर लागू देईल तर शपथ. तांचीसुद्धा हटायची नव्हती. शेवटी ती म्हणाली, "योकेबाई, हे कानाने कळायचं काम नाही. तुम्ही एकदा या. आठवडाभर माझ्या घरी राहा. त्यानंतर म्हणालात की लग्न तिकडेच, तर मी तोंडातून ब्र काढणार नाही." तिने ब्र काढला नाही असं आजवर झालेलं नव्हतं, पण योकेला ते कुठून ठाऊक? आणि योके खरोखरच आली, एकटीच.

उंच, सडपातळ, शांत बाई. दिलं ते खायची, दाखवलं ते बघायची, आणि "छान आहे" म्हणायची. साराला छान, वाऱ्याला छान, आमच्या गल्लीतल्या ओर्लीनच्या पोपटालाही छान. हा ओर्लीन पुलाची इंजिनं चालवतो, आणि पुलाखेरीज सगळ्या जगाच्या भानगडीत नाक खुपसतो.

"तांची, तुझी विहीण बर्फाची आहे गं," तो म्हणाला.

"उन्हात ठेवलीय. वितळेल."

"नाही वितळली तर?"

"तर तुझ्या पोपटासमोर बसवीन. ह्या जन्मात गप्प बसायची नाही."

पण मनातून तांची धास्तावली होती. आठवडा सरत आला, आणि बाई रोज संध्याकाळी खोलीत जाऊन फोनवर हलक्या आवाजात खूप वेळ बोलायची. काय बोलते ते कळत नसे. तांचीने दाराला कान लावला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तिने ठरवलं, आता राखून ठेवलेलं अस्त्र काढायचं. एका थराचा छोटा काळा केक तिने भाजला, वर पांढऱ्या साखरेची वेलबुट्टी काढली, आणि योकेला म्हणाली, "चला, लग्नाचा हॉल दाखवते. केक तिथेच कापू. कुठे बसून खाल्ला यावरही चव असते."

दोघी निघाल्या. तांची हॅट घालून, हातांत केकचा डबा, आणि तोंड चालूच. कुठल्या लग्नात किती थर होते, कोणती नवरी रडली, कोणता नवरा. बोलण्याच्या नादात पुलाच्या तोंडाशी आल्या आणि घंटा वाजायला लागली. फाटक सरकू लागलं.

आता इथे ओत्रोबांदाचा माणूस काय करतो ते सांगितलंच पाहिजे. बाहेरचा माणूस घंटा ऐकून थांबतो. आमचा माणूस घंटा ऐकून पळतो. फाटक लागायच्या आत पुलावर पाऊल पडलं की जिंकलो. मग पूल सुटला तरी त्याच्यावरच उभं राहून डुलायचं. लहानपणापासून अंगात भिनलेली खोड ही. पण पळण्याआधी एक नजर निशाणाकडे टाकायची असते. तांचीची नजर योकेच्या तोंडाकडे होती.

"धावा!" तांची ओरडली आणि या वयात, केक छातीशी धरून, धावली. योकेचे पाय लांब, ती तिच्याही पुढे गेली. मागे फाटक लागलं. पूल हलला, सरकला, आणि पलीकडचा काठ लांब जाऊ लागला.

"तांची!" पलीकडच्या टोकाच्या केबिनमधून ओर्लीनचा आवाज आला. "निळं आहे गं! निळं! आज दोन टँकर आहेत, आणि वर ती प्रवासी बोट!"

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"निशाण काय माझा सदरा म्हणून वाळत घातलंय? ते सांगायलाच असतं!"

पुलावर अडकलेले सगळे हसले. एक मासेवाली होती, शाळेतल्या दोघी मुली होत्या, छत्रीवाला एक म्हातारा होता. तांचीने मान ताठ ठेवली, जणू हेच ठरलं होतं. "योकेबाई," ती म्हणाली, "पुलावरून जहाज बघणं हेही एक कारणच आहे यायचं. मी ते राखून ठेवलं होतं."

पहिला टँकर आला. इतका जवळून की त्याच्या गंजाचाही वास यावा. मग तो गेला आणि नुसतं पाणी राहिलं. ऊन चढलं. वरची साखर मऊ पडू लागली तशी तांचीने निर्णय घेतला. हॉल गेला चुलीत. ओर्लीनकडून फळं कापायची सुरी मागवली, आणि केक तिथेच फळ्यांवर ठेवून कापला. मासेवालीला दिला, मुलींना दिला, म्हाताऱ्याला दिला. पहिला तुकडा मात्र योकेला.

योकेने घास घेतला. चावणं मध्येच थांबलं. तांची तिच्या तोंडाकडे बघत होती. आता म्हणेल छान आहे, असं तिला वाटलं. योके ते म्हणाली नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती तशीच, तोंडात घास ठेवून रडायला लागली.

"अहो, रम जास्त झाली का?" तांची घाबरली.

"आरेन्दला हे फार आवडलं असतं," योके म्हणाली. आरेन्द तिचा नवरा.

"मग त्यात रडायचं काय? घेऊन या की त्यांना. लग्नाला तर यायचंच आहे."

"त्याला नाही येता येणार. विमानात बसायचंच नाही, डॉक्टरांनी सक्त सांगितलंय. फुप्फुसं गेली आहेत त्याची. निम्मा दिवस ऑक्सिजनची नळी लावून चाकांच्या खुर्चीत असतो." तिने तोंड पुसलं. "वाउटरला एवढं माहीत नाही. त्याला वाटतं बाबा बरे होतील. मी सगळ्यांना सांगितलं की मलाच एवढ्या लांब जायचं नाही. मी हट्टी ठरले तर ठरले. बापामुळे लग्न अडलं असं पोराच्या मनात राहायला नको."

मासेवालीने दोघी मुलींना हाताला धरून पुलाच्या दुसऱ्या अंगाला नेलं. आमच्याकडे भोचकपणा आहे, पण कधी मागे सरायचं तेही कळतं.

"आणि मला?" तांचीचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंत? मी दर रविवारी घसा कोरडा करत होते. वारा काय, भेंडी काय, बूट काय!"

"कारण तो ऐकत असायचा," योके म्हणाली. "मी फोन मोठ्या आवाजावर ठेवायची. तो शनिवारपासून वाट बघायचा. म्हणायचा, उद्या ती बाई काय सांगेल? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फोन बंद केला असता. आणि मी इथे आले ती त्यानेच पाठवलं म्हणून. म्हणाला, तू जाऊन बघून ये आणि मला सांग. रोज संध्याकाळी मी त्याला तेच सांगत असते."

तांची नेमेन्सियाला बोलायला काही सुचलं नाही. हे ओर्लीननेही केबिनमधून पाहिलं, आणि पुढे बरेच दिवस तो ते लोकांना सांगत होता. ती पुलाच्या कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते आरेन्दसाठी नंतर वाटलं, आधी स्वतःसाठी वाटलं. झुलाइकाचा केक घेऊन आपण या पुलावरून जाऊ, दारादारांत बायका उभ्या असतील, "हा घरचा" असं आपण मोठ्याने सांगू, हे तिने इतक्यांदा मनात करून पाहिलं होतं की ते झाल्यातच जमा होतं. आता ते होणार नव्हतं. समोरून दुसरा टँकर गेला तरी तिने मान वर केली नाही.

मग ती वळली. केकचे उरलेले तुकडे डब्यात भरता भरता म्हणाली, "विमानात मांडीवर डबा घेऊ देतात का?"

योकेला आधी कळलंच नाही.

"तुमचा हॉल तळमजल्यावर हवा," तांची म्हणाली. "त्यांची खुर्ची आत यायला हवी. आणि केकसाठी तुमचा ओव्हन नको, मी इथूनच करून आणणार. हा केक टिकतो, त्याची काळजी नको. टिकवायचं काम मी नाही, रम करते."

योकेने तिचे दोन्ही हात धरले.

पूल परत लागेपर्यंत ही बातमी पुलाच्या आधी काठावर पोचली होती. पुढचे दिवस ओत्रोबांदाने तांचीला सोडलं नाही. "काय तांची, जग यायचं थांबलं वाटतं!" "तांची, तिकडे थंडी असते, हॅटला कान लावून घे!" पासपोर्टच्या फोटोसाठी हॅट काढा म्हटलं तेव्हा तिने फोटोवाल्याला असं काही ऐकवलं की त्याने हॅटचा वेगळा फोटो काढून तिला भेट दिला. तिची मैत्रीण रुथसेला खरोखर काळजीने म्हणाली, "अगं, तू घाबरली नाहीस का?"

"घाबरले आहे," तांची म्हणाली. "पण केक कोणाच्या हाती पाठवू? तुझ्या? तू अर्धा वाटेत खाशील."

विमानात केक वर ठेवायचा की मांडीवर, यावर वाद झाला. वाद कोणी जिंकला हे विचारू नका. केक रॉटरडॅमला पोचला तेव्हा त्याच्या साखरेला एकही तडा नव्हता. तांचीच्या गुडघ्यांना मात्र मुंग्या आल्या होत्या.

लग्न तळमजल्यावरच्या एका साध्या हॉलमध्ये लागलं. बाहेर पाऊस होता. लुसेला आईच्या मागे मागे डब्या मांडत होती, आणि तांची एक एक डबी तपासत होती. कोपऱ्यात, खिडकीपाशी, चाकांच्या खुर्चीत आरेन्द बसला होता. नाकाला नळी, अंगावर नवा कोट, कोट आता त्याला मोठा झालेला. त्याने तांचीला बोटाने जवळ बोलावलं.

"रविवारच्या बाई तुम्हीच?"

"मीच."

"सगळी कारणं मी ऐकली आहेत," तो थांबत थांबत म्हणाला. त्याला वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागे. "पण सगळ्यात मोठं कारण तुम्ही राखून ठेवलंय असं मला नेहमी वाटायचं. ते कोणतं?"

तांचीने हॅट सरळ केली. "सगळ्यात मोठं कारण मी," ती म्हणाली. "शहर काय, जागेवरच राहणार. मी उठून आलेय ना तुमच्याकडे? मग तुमचं जाणं झालंच समजा."

आरेन्द इतका हसला की त्याला खोकला आला. योके धावली, त्याने तिला हातानेच थांबवलं. झुलाइकाने केक कापला. पहिला तुकडा नवरा-नवरीचा असतो, पण तांचीने तो तिच्या हातातून काढून घेतला, बशीत ठेवला आणि खिडकीकडे गेली. आरेन्दने डोळे मिटून घासामागून घास घेतले, आणि फार हळू, फार वेळ चावत राहिला. तांची समोर उभी होती. इतकी वर्षं केक केले, पण कसा झालाय असं तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय, असं ती म्हणायची.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

आरेन्दचं तोंड भरलेलं होतं. त्याने रिकामी बशी तिच्यापुढे धरली, आणि तांची नेमेन्सिया सगळ्या पाहुण्यांसमोर, हॅटसकट, ओक्साबोक्शी रडली.